कार्ड स्पर्धा भरवायचीय? आधी हिशेब बघा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात एका कॅफेच्या माळ्यावर आम्ही दर रविवारी कार्डांच्या स्पर्धा भरवतो. बहुतेक वेळा ‘मॅजिक: द गॅदरिंग’, महिन्यातून एकदा पोकेमॉन. नाशिक, कोल्हापूर, पणजी, कुठून कुठून मेसेज येतात: आम्हालाही सुरू करायचंय, पैशांचं कसं जमवता? तेच ते टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. आकडे गोल केले आहेत. तुमच्याकडे पाकिटाचा भाव आणि जागेचं भाडं वेगळं असणार. आकडे बदला, रीत तीच राहते.

हे रमी-तीनपत्तीसारखं काही आहे का?

नाही. नव्वदच्या दशकात शाळेच्या दप्तरातून कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं नेणाऱ्यांना हे लवकर कळतं. तिथे एकच गठ्ठा दोघांत वाटला जायचा. इथे प्रत्येकजण स्वतः बांधलेला डेक घेऊन येतो. बंद पाकिटं फोडून, सुटी कार्डं विकत घेऊन, मित्राशी अदलाबदल करून तो डेक जमलेला असतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने मॅजिक आणलं आणि या धंद्याचा पाया तिथेच पडला: जो माल विकायचा त्याच मालाने खेळायचं. पोकेमॉनची कार्डं जपानात १९९६ ला आली, पण गणित तेच. खेळायला जागा आणि माणसं नसतील तर ही कार्डं म्हणजे छापील पुठ्ठा. स्पर्धा त्या पुठ्ठ्याला किंमत आणते. ती किंमत शेवटी कोणाच्या खिशात जाते, हाच खरा प्रश्न.

यात पैसे सुटतात का?

स्पर्धेत नाही. आजूबाजूला सुटतात, सुटले तर.

एका रविवारचा हिशेब दाखवाल का?

दाखवतो. ड्राफ्टचा घेऊ. ड्राफ्ट म्हणजे खेळाडू टेबलाभोवती बसतात, प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं. एक फोडायचं, त्यातलं एक कार्ड ठेवायचं आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायची. शेजाऱ्याकडून आलेल्या गठ्ठ्यातून पुन्हा एक उचलायचं. असं करत तिन्ही पाकिटं संपली की हाती आलेल्या कार्डांतून चाळीसचा डेक बांधायचा आणि खेळायचं. घरून काही आणावं लागत नाही, म्हणून नवख्यांसाठी हा प्रकार उत्तम. आयोजकासाठी मात्र सगळ्यात खर्चिक.

समजा पाकीट तुम्हाला ३५० ला पडतं आणि सुटं ४५० ला विकलं जातं. १२ खेळाडू आले. खेळायला माणशी ३ म्हणजे ३६ पाकिटं. बक्षिसाला माणशी १, म्हणजे आणखी १२. एकूण ४८ पाकिटं, गुणिले ३५०: १६,८०० रुपये. एन्ट्री फी १,५०० ठेवली तर जमा १८,०००. उरले १,२००. माळ्याचं भाडं १,०००. हातात राहिले २००. सहा तास उभं राहून.

यातला लक्षात ठेवायचा आकडा ‘डोक्यामागे १००’. १,५०० मधून ४ पाकिटांचे १,४०० गेले की प्रत्येक खेळाडू आपल्याला फक्त १०० रुपये देऊन जातो. भाडं १,००० असेल तर दहावा माणूस जिना चढेपर्यंत आपण तोट्यात. सात आले तर ३०० खिशातून, शिवाय सात हा विषम आकडा, म्हणजे दर राउंडला एकाला ‘बाय’ देऊन बसवायचं. पावसाळ्यात असे रविवार येतातच. जुलैच्या एका रविवारी पाच जण आले होते. स्पर्धा रद्द केली, पाकिटं ट्रंकेत परत टाकली, सगळ्यांनी मिसळ खाल्ली. त्या दिवशीचा नफा बऱ्याच रविवारांपेक्षा बरा होता.

मग स्वतःचा डेक आणून खेळायच्या स्पर्धा परवडतात का?

आयोजकाला त्या जास्त परवडतात. पाकिटं फोडायचीच नसतात, त्यामुळे एन्ट्री २०० ठेवता येते. १६ जण आले की ३,२००. त्यातले २,४०० बक्षिसात परत द्यायचे, ८०० आपले.

आणि बक्षीस रोख न देता क्रेडिटमध्ये दिलं तर आणखी थोडं सुटतं. माझी विक्री एका पत्र्याच्या ट्रंकेतून चालते: पाकिटं, स्लीव्ह (कार्डांवर घालायची प्लास्टिकची कव्हरं), डेक ठेवायचे डबे, सुटी कार्डं. ४५० चं पाकीट मला ३५० ला पडतं, तर २,४०० च्या क्रेडिटवर जाणारा माल मला साधारण १,८७० ला पडलेला असतो. दुकानदार रोख बक्षिसाच्या वाटेला जात नाहीत त्याचं कारण एवढंच.

पण क्रेडिट ही उलटी उधारी आहे. वाण्याच्या वहीत गिऱ्हाइकं देणेकरी असतात, इथे वाणीच देणेकरी. मी पहिली दोन वर्षं वहीत नुसतं लिहीत गेलो. नवा सेट, म्हणजे कार्डांची नवी मालिका, आली त्या आठवड्यात सगळ्यांनी एकदम क्रेडिट वटवलं. ट्रंक रिकामी, हातात रोकड शून्य, आणि पुढच्या मालाचे पैसे भरायचे होते. तेव्हापासून क्रेडिट तीन महिन्यांत संपवायचं असा नियम आहे. तो एन्ट्री घेतानाच सांगतो, नंतर सांगितला की भांडण होतं.

बक्षिसं कशी वाटायची?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मीही केल्या.

आठ जणांची तीन राउंडची स्पर्धा घ्या. एकही सामना बरोबरीत सुटला नाही तर शेवटी एकजण ३–० (तीन जिंकले, हरला एकही नाही), तिघे २–१, तिघे १–२ आणि एकजण ०–३ असतो. कोण कितीही चांगला खेळो, ही विभागणी बदलत नाही. बक्षिसाला ८ पाकिटं आहेत. पहिल्या वर्षी मी ती ५–२–१ अशी वाटायचो. ऐकायला मर्दुमकीचं वाटतं: जिंकलास, घे पाच! झालं असं की वर्षभर तेच तीन जण आलटून पालटून जिंकत राहिले. बाकीच्यांनी तक्रार केली नाही, भांडण केलं नाही. फक्त यायचे थांबले. चौदाचे सहा झाले तेव्हा माझी ट्यूब पेटली.

बक्षिसाचे पैसे येतात हरणाऱ्यांकडून. सहाव्या नंबरचा माणूस पुढच्या रविवारी येणार असेल तरच स्पर्धा चालते. पहिला तसाही येतो. म्हणून आता वाटप असं: ३–० ला दोन पाकिटं, २–१ ला एकेक, १–२ लाही एकेक. दोन, तीन, तीन: झाली आठ. ०–३ वाल्याला टेबलावर लोकांनी सोडून दिलेल्या कार्डांतून हवी ती पहिल्यांदा निवडायचा मान आणि एक वडापाव.

मुरलेले खेळाडू यावर कुरकुरले. जिंकण्यात अर्थ काय राहिला, असं म्हणून एकाने यायचं सोडलंही. वाईट वाटलं, चांगला खेळाडू होता. पण त्या वर्षी चार नवे टिकले. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड आठवा. मोठ्या इनामाची मानाची कुस्ती शेवटी असते, पण दुपारपासून पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागलेल्या असतात. रेवड्या बंद करा, दहा वर्षांनी शेवटच्या कुस्तीला पैलवान उरणार नाही.

शेवटच्या दोघांनी बक्षीस वाटून घेतलं तर?

घेऊ द्या, खेळाच्या नियमांत बसेल तेवढं. पण ‘तू सामना सोड, मी तुला दोन पाकिटं देतो’ हे चालू देऊ नका. सामना विकत घेणं आणि सामन्यावर पैज लावणं, दोन्हींना मॅजिकच्या स्पर्धा-नियमांत सक्त मनाई आहे. नवख्यांना हे ठाऊक नसतं आणि ते निरागसपणे मोठ्याने बोलून मोकळे होतात. म्हणून पहिल्या राउंडच्या आधी सगळ्यांना सांगून टाकायचं.

जास्तीत जास्त किती खेळाडू घ्यावेत?

माझं उत्तर १६. हॉल मोठा असला तरी.

आपल्याकडे बुद्धिबळात चालते तीच स्विस पद्धत इथे चालते. कोणी बाद होत नाही, समान गुणांचे एकमेकांशी भिडतात. ही पद्धत पहिल्यांदा १८९५ साली झुरिकच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत वापरली गेली, म्हणून नाव स्विस. हिशेबाच्या दृष्टीने तिचा गुण असा की हरलेलाही शेवटपर्यंत बसतो, म्हणजे चहाही शेवटपर्यंत विकला जातो. ८ जणांना ३ राउंड पुरतात, १६ ला ४, ३२ ला ५. सतरावा माणूस आला की एक राउंड वाढतो. मॅजिकचा राउंड ५० मिनिटांचा, मध्ये जोड्या लावायला दहा मिनिटं. म्हणजे सतरावा आपल्याला १०० रुपये देतो आणि बाकी सोळा जणांचा प्रत्येकी एक तास घेतो. वर कॅफेवाला विचारतो, आणखी किती वेळ?

ड्राफ्ट आणि डेक बांधणं यात दीड तास जातो, मग चार राउंड. १२ ला बसलो तर साडेपाच-सहा होतात. अमेरिकेत ‘फ्रायडे नाइट मॅजिक’ २००० सालापासून चालतं. नाव ऐकून आम्हीही शुक्रवारीच सुरुवात केली होती. बीकेसीतून सुटलेला माणूस साडेआठला घामाघूम होऊन पोहोचायचा आणि तिसऱ्या राउंडपासून डोंबिवली-बदलापूरवाल्यांचं लक्ष कार्डांपेक्षा घड्याळाकडे. शेवटची कर्जत सुटायच्या भीतीने माणूस जिंकत आलेला डाव सोडून जातो, हे डोळ्यांनी पाहिलंय. रविवार दुपार ठरवली आणि गर्दी वाढली. कंपनीने दिलेलं नाव कंपनीकडे राहू द्या, वार आपल्या लोकलचं टाइमटेबल बघून ठरवा.

जागा कुठे शोधायची?

तीन पर्याय चाखून झालेत. सोसायटीचा हॉल सगळ्यात स्वस्त, पण त्याच्यावर भरवसा नाही. एकदा पंधरा दिवस आधी पावती फाडून हॉल घेतला होता. सकाळी गेलो तर आत साखरपुड्याची खुर्च्या-मांडणी चालू. दोन पावत्या, एकच हॉल. मुलीचे काका समोर हात जोडून उभे, त्यांच्याशी काय भांडणार? आम्ही पार्किंगमध्ये टेबलं लावली. वाऱ्याने कार्डं गाड्यांखाली गेली. दोघेजण एका स्कूटरखाली आडवे होऊन एक कार्ड काढतायत आणि वरून बँजोवर ‘मंगलाष्टकाला वेळ आहे’ छापाचं काहीतरी वाजतंय, हे दृश्य अजून विसरत नाही. जेवण मात्र आम्हाला मिळालं.

शाळेचा वर्ग मिळत असेल तर बाकं बघून घ्या. उतरत्या बाकावर कार्ड राहत नाही.

कॅफे सगळ्यात बरा. दुपारी दोन ते सहा त्याची टेबलं रिकामी असतात आणि रिकामं टेबल त्याला काही देत नाही. तिथे तुमची बाजू भक्कम आहे. भाडं ठरवण्याऐवजी ‘माणशी किमान १५० ची ऑर्डर’ असं ठरवून बघा. १२ जणांचे १,८०० त्याला मिळतात, भाड्याचे १,००० तुमचे वाचतात, आणि खेळाडू तसाही काहीतरी खातोच. आम्हाला हे पटवायला वर्ष लागलं. आता अर्ध्या रविवारी भाडं नाही, अर्ध्या रविवारी आहे. मालक कोणत्या मनःस्थितीत आहे त्यावर.

एक धोका सांगतो. कॅफेतला मुलगा टेबल पुसतो ओल्या फडक्याने. चांगलाच मुलगा, कामसू. त्याने पुसलेल्या ओल्या टेबलावर एकाने स्लीव्ह न घातलेलं चकाकतं फॉइल कार्ड ठेवलं. पाच मिनिटांत ते पापडासारखं वळलं. दोन हजारांचं कार्ड. चूक कोणाची यावर अजून एकमत नाही.

कंपनी काही मदत करते का?

करते, पण दुकानाला. मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टचं ‘विझार्ड्स प्ले नेटवर्क’ आहे. त्यात यायला खरंखुरं, शटर असलेलं दुकान लागतं, घरचा पत्ता चालत नाही. दुकानाला प्रमोशनची कार्डं मिळतात आणि नवा सेट बाजारात यायच्या आधीच्या प्री-रिलीज स्पर्धेचे डबे मिळतात. त्या डब्यात सहा पाकिटं आणि साल छापलेलं एक खास कार्ड असतं. स्पर्धांना किती लोक येतात ते कंपनी मोजते आणि त्यावर दुकानाचा दर्जा ठरतो.

कंपनी रोख पैसा देत नाही, माल देते. तिच्या दृष्टीने दुकानातलं टेबल म्हणजे जाहिरात आहे, आणि जागा, वीज, पंखा, माणूस हा सगळा खर्च दुकानदाराचा. वाईट सौदा नाही. पण सौदा आहे हे विसरू नका. माझं दुकान नाही, म्हणून मी एका दुकानदाराशी जोड घातली आहे. प्री-रिलीज त्याच्या नावावर होते, टेबलं आणि माणसं मी सांभाळतो, पाकिटं मला सवलतीत मिळतात. गावात असं एकही दुकान नसेल तर प्री-रिलीजचा नाद सोडा, साधे ड्राफ्ट करा.

दुकानं मग जगतात कशावर?

सुट्या कार्डांवर. बंद पाकिटात फायदा थोडा, शिवाय ऑनलाइन कोणीतरी आपल्यापेक्षा वीस रुपये कमीत विकतच असतो. सुटं कार्ड मात्र खेळाडूकडून निम्म्या-साठ टक्के किमतीत घेऊन पूर्ण किमतीला विकता येतं. त्यासाठी कार्डं बाजारात फिरायला हवीत, आणि ती फिरवते स्पर्धा. रविवारी ड्राफ्टमध्ये ३६ पाकिटं फुटली. त्यातली नको असलेली कार्डं संध्याकाळी खेळाडू क्रेडिटवर देऊन जातात. बुधवारी दुसरा कोणी त्यातलंच एक आपल्या डेकसाठी घेतो. २०० रुपये उरलेल्या ड्राफ्टमधून आठवडाभर विकायचा माल मिळतो. म्हणून ड्राफ्टला नुसतं ‘तोट्यातलं’ म्हणणं बरोबर नाही.

दुसरं म्हणजे स्लीव्ह, मॅट, डबे. दिसायला किरकोळ, पण झिजतात, हरवतात, पुन्हा घ्यावे लागतात.

एखादा सेट गाजला की स्पर्धांचा फायदा होतो ना?

उलट. हे मला फार उशिरा कळलं.

जून २०२५ मध्ये मॅजिकचा ‘फायनल फँटसी’ सेट आला. एका दिवसात वीस कोटी डॉलरची विक्री झाली असं विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोनेच सांगितलं. मॅजिकच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात खपलेला सेट. अशा वेळी काय होतं बघा. पाकीट मला ३५० ला पडलंय आणि बाहेर लोक ७०० द्यायला तयार आहेत. माझ्या ट्रंकेतली ४८ पाकिटं बंदच विकली तर ३३,६०० येतात. त्याच पाकिटांचा ड्राफ्ट केला तर एन्ट्रीचे १८,०००. म्हणजे त्या रविवारी स्पर्धा भरवायची किंमत १५,६०० रुपये. खिशातून एक पैसा जात नाही, तरी जातात.

पोकेमॉनमध्ये हे आधीच होऊन गेलं. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या साखळी दुकानांनी पोकेमॉन आणि खेळाडूंची कार्डं दुकानात विकणंच काही काळ थांबवलं, कारण त्यावरून मारामाऱ्या व्हायला लागल्या होत्या. घेणारे बहुतेक साठवणारे, खेळणारे थोडे.

मी काय करतो? प्रत्येक सेटचे दोन बॉक्स ‘फोडायचे’ म्हणून आधीच बाजूला काढतो आणि त्यांचा बाजारभाव बघत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा आहे, असं माझा भाऊ म्हणतो. तो सीए आहे. बरोबरच म्हणत असेल.

कमांडरच्या रात्री भरवाव्यात का?

जरूर. कमांडर हा मॅजिकचाच एक प्रकार: शंभर कार्डांचा डेक, चौघे एका टेबलावर, एक डाव दोन-अडीच तास. बक्षीस कोणालाच नको असतं, गप्पा हव्या असतात. टेबलाचे माणशी १०० घ्या, पाकीट एकही जात नाही. ड्राफ्टला जेवढे डोक्यामागे सुटतात तेवढेच इथे सुटतात, फक्त १६,८०० चा माल आधी भरावा लागत नाही. कॅफेवाल्याचा हा लाडका वार.

प्रॉक्सी, म्हणजे घरी छापलेली कार्डं, चालू द्यावीत का?

कंपनीच्या अधिकृत स्पर्धेत अजिबात नाही. आपल्या खासगी रविवारी मी दहापर्यंत चालू देतो. कॉलेजच्या मुलाकडे आठ हजारांचं एक कार्ड नसतं म्हणून तो घरी बसला तर माझे एन्ट्रीचे २०० जातात, चहा जातो, आणि पुढच्या वर्षी नोकरी लागल्यावर तो जे विकत घेणार तेही जातं. मात्र खरं म्हणून विकलेलं बनावट कार्ड दिसलं तर त्या माणसाला जिना उतरायला सांगतो.

पत्ते आणि पैसे… पोलीस आले तर? हा जुगार होत नाही का?

सोसायटीच्या सेक्रेटरींनी हेच विचारलं होतं. “पत्ते म्हणता, एन्ट्री म्हणता, वर बक्षीस पण म्हणता!” मी त्यांना एक डाव खेळायला बसवलं. अर्ध्या तासाने म्हणाले, “हे तर इन्कम टॅक्सच्या फॉर्मपेक्षा किचकट आहे.” जुगाराचा संशय तिथेच मिटला.

मी वकील नाही, पण एवढं माहीत असावं. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, मुंबई प्रांताच्या काळातला. निव्वळ कौशल्याचे खेळ त्याने वगळले आहेत. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्यावर अवलंबून असलेल्या बक्षीस स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या आणि १९६८ मध्ये रमीलाही कौशल्याचा खेळ म्हटलं. एन्ट्री, कौशल्य, बक्षीस हा क्रम राखा. ‘चिठ्ठी काढून एका भाग्यवानाला बॉक्स’ असलं काही पैसे घेऊन करू नका. ती लॉटरी होते, आणि लॉटरी काढायची मुभा फक्त राज्य सरकारांना आहे.

आणखी एक, हे नवं आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यामुळे वेबकॅमवरून किंवा अ‍ॅपवर एन्ट्री घेऊन रोख बक्षिसाची स्पर्धा करायचा विचार असेल तर आधी वकिलाकडे जा. आम्ही ते बंदच केलं.

करांचं काय?

छोट्या स्पर्धेला फार नाही. बक्षीस १०,००० च्या वर गेलं की ३० टक्के टीडीएस कापावा लागतो. बक्षीस वस्तूत असेल तर ती हातात देण्याआधी कर भरला गेलाय हे बघायची जबाबदारी तुमची. म्हणून कोणी ‘चला, ५०,००० च्या कार्डाची स्पर्धा करू’ म्हणालं की आधी हे सांगा. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवांना वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. दर रविवारी १८,००० जमले तरी वर्षाचे ९,३६,००० होतात. पण ट्रंकेतली विक्रीही यात धरायची असते, हे विसरू नका.

पोकेमॉनला मुलं येतात. पालकांना काय सांगता?

पालक माळ्यावर बसून कॉफी घेतात, ही पहिली चांगली गोष्ट. मग राउंड चालू असताना हळूच येतात.

“दादा, महिन्याला साधारण किती जातात हो यात?”

“खरं सांगू का ताई? सुरुवातीला तयार डेक घ्या, साठ कार्डांचा. सहा महिने त्यावर काढता येतात.”

“पण तो पाकिटं मागतो सारखी.”

“पाकिटं वाढदिवसाला. एरवी जे कार्ड लागतं ते सुटं घ्या, पन्नास-शंभरात मिळतं.”

असं सांगून माझी पाकिटांची विक्री कमी होते, हे मला कळतं. पण दोन महिन्यांत पाच हजार उडाल्यावर त्याच ताई मुलाला घेऊन यायच्या बंद होतात, आणि बरोबर त्याचे दोन मित्रही. मुलांना मी सगळ्यांनाच एकेक पाकीट देतो. दहा वर्षांच्या मुलासमोर प्राइज पूलचं तत्त्वज्ञान चालत नाही.

आयोजकाला आणि जजला (म्हणजे पंचाला) मानधन द्यायचं का?

द्यावं. देत कोणी नाही. माझे सहा तास, आदल्या दिवशी कार्डं लावण्यात गेलेले दोन तास, मेसेजना उत्तरं देणं, हे वरच्या कुठल्याच हिशेबात नाही. घातलं तर प्रत्येक रविवार तोट्यात जाईल. अशा स्पर्धा फुकट श्रमावर उभ्या असतात. २०१६ मध्ये अमेरिकेत काही जजनी विझार्ड्सवर खटलाच भरला होता: आम्ही स्वयंसेवक नव्हे, कामगार आहोत, आम्हाला पगार द्या. आमच्याकडे जज करणाऱ्याला मी तीन पाकिटं आणि जेवण देतो. कमी आहे, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

नाव देऊन न येणाऱ्यांचं काय करता?

५०० आगाऊ, यूपीआयने. शनिवार रात्रीपर्यंत कळवलं तर परत. नियम लावला त्या आठवड्यात आजीच्या आजारपणांची संख्या एकदम खाली आली.

पहिल्या स्पर्धेला हाताशी किती पैसे हवेत?

१२ जणांच्या ड्राफ्टला पाकिटांचे १६,८०० आणि भाड्याचे १,०००, म्हणजे १८,००० धरा. दुकानदार ओळखीचा असेल तर न फुटलेली पाकिटं परत घ्यायला तो तयार होतो का विचारा. झाला तर जोखीम भाड्यापुरती राहते. बारा जणांची आगाऊ रक्कम आली की खिशातले १२,००० पुरतात.

बाकी सामान किरकोळ आहे, पण एक गोष्ट नवे आयोजक हमखास विसरतात: बेसिक लँड, म्हणजे ज्यांच्या जोरावर बाकीची कार्डं खेळता येतात ती साधी कार्डं. डेकमध्ये सतराच्या आसपास लँड लागतात, ड्राफ्टच्या पाकिटांतून तेवढी निघत नाहीत. १२ जणांना दोनशेहून अधिक, पाचही रंगांची. बुटांच्या खोक्यात रंगांप्रमाणे लावून न्या आणि जाताना परत मोजून घ्या, दर वेळी वीस-पंचवीस कमीच भरतात. त्याशिवाय एक्स्टेन्शन बोर्ड, कारण माळ्यावर प्लग एकच असतो आणि फोन बारा. जोड्या लावायला अ‍ॅप आहे, तरी वही-पेन असू द्या. आणि टेबल पुसायला स्वतःचं फडकं न्या. कोरडं.